छबूकाकीला सोसेल असा रेडिओ

माझ्या चुलतीला, छबूबाईला, एकाहत्तर साली आमच्या सबंध भावकीनं वेडी ठरवलं. त्यात मीही होतो, आणि तो रेडिओही मीच आणलेला. त्यामुळे हे सांगताना पहिला राग माझाच येतो.

त्या वर्षी देवळाली प्रवरेच्या आमच्या घरात वीज आली. चुलते सूर्यभानतात्यांनी माजघरात ट्यूब लावली आणि मला निरोप धाडला, रेडिओ बघ. मी भिंगारला लष्करी गोदामात कारकून. बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून विजेवर चालणारा मोठा सेट घेतला आणि एसटीत मांडीवर धरून घरी आणला. त्याचं एक बटण निखळलं होतं, तिथं नुसती लोखंडी दांडी उरली होती. तात्या म्हणाले, "चालतंय की." बाजेशेजारी स्टूल ठेवून त्यावर सेट बसवला.

तात्या सकाळी बातम्या लावून ओट्यावर चहा घेत बसायचे. आत काकी शेणानं माजघर सारवत असायची. बातम्या संपल्या की तात्या बाहेरूनच ओरडायचे, "बंद कर गं." ती उठून दांडी फिरवायची.

आठच दिवसांत काकी म्हणाली, "ह्याला हात लावला की कोपरापातूर झिनझिन्या येत्यात. आन् ती उजेडाची नळी लावली की डोक्यात घूं घूं हुतं."

तात्यांनी बाजेवर मांडी घालून दांडी चांगली दहादा फिरवली. काही नाही. मी सुट्टीवर आलो तेव्हा मलाही फिरवायला लावली. मीही बाजेवरच बसलो होतो, दुपारची वेळ होती. मलाही काही झालं नाही. मी शहरात राहणारा शहाणा, हसून म्हणालो, "काकी, विजेला माणूस वळखू येत न्हाई." केवढा विनोद केला असं मला वाटलं.

मग सुरू झालं. आधी भावकीतले म्हणाले नाटक आहे. मग म्हणाले बाहेरचं आहे. देवऋषी आणला. त्यानं लिंबू कापलं, अंगारा लावला आणि दोन तास त्या बाईला केस सोडून बसवलं. ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "माझ्या अंगात काय न्हाई, त्या पेटीत हाय." एकाही शहाण्यानं पेटीकडे पाहिलं नाही.

शेवटी ती गोठ्यात राहायला गेली. तीन दगडांची चूल मांडली, म्हशीशेजारी अंथरूण टाकलं. घर सारवायचं मात्र तिनंच! राहायला वेडी आणि राबायला चालते, हा कुठला न्याय? तात्यांनी तर सांगून टाकलं, "दिवाळीला कर्जतला म्हायेरी जा. डोकं जाग्यावर आलं तरच ये." बावीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे ऐकवलं, एका पेटीपायी.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी घरी होतो. सकाळी ओट्यावरून तात्यांनी हाक दिली, "बंद कर गं." आतून काकीचं कण्हणं ऐकू आलं. दारातून पाहिलं तर ती हात पोटाशी धरून खाली बसली होती. मी तसाच आत गेलो. ती म्हणाली, "बन्सी, थांब, सारवण ओलं हाय."

ओल्या सारवणावर आमच्याकडे कुणी पाय देत नाही. वाळेपर्यंत अख्खं घर बाहेर थांबतं. मी दिला. अनवाणी पायानं त्या गार ओलीत उभा राहिलो आणि दांडीला हात लावला. खांद्यापर्यंत झणकन झटका बसला.

मग माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घरात ओल्या जमिनीवर उभं राहून रेडिओला हात लावणारं माणूस एकच होतं, आणि आम्ही सगळे कोरडे बाजेवर बसून तिची परीक्षा घेत होतो. मी ओरडलो, "तात्या, आत या. हितं उभं ऱ्हावा."

"वल्या सारवणावर?"

"व्हय. ती रोज उभी ऱ्हाती तिथंच."

तात्या आले, दांडीला बोट लावलं आणि दोन पावलं मागं उडाले. बाजेवर बसून हात चोळू लागले. मला वाटलं आता हा माणूस बायकोकडे बघेल. ते म्हणाले, "शेट खराब हाय." एवढंच.

तात्या आणि मी दुसरा रेडिओ घ्यायला नगरला गेलो तेव्हा काकी 'मीबी येनार' असं सांगून बरोबर आली. दुकानदार तात्यांशीच बोलत होता. तिनं मधेच विचारलं, "बिनतारेचा हाय का?" सेलवर चालणारे चार ट्रान्झिस्टर पुढे आले. एकेक हातात घेऊन तिनं कानाशी, मग कपाळाशी धरला आणि दुकानातली ट्यूब बंद करायला लावली. दुकानदार हसू लागला. तात्या ओशाळून म्हणाले, "हिला सोसत न्हाई. नाजूक हाय जरा."

कोपरापर्यंत शेणात हात घालणारी बाई नाजूक! मी तोंड उघडणार होतो, पण काकीनं चौथा ट्रान्झिस्टर पदराशी घेतला आणि म्हणाली, "ह्यो चालंल. आन् घरातली नळी काढायची."

तात्या म्हणाले, "रेडूचं खरं निघालं. नळीचं मातर नाटक हाय तुझं."

काकीनं आवाज चढवला नाही. दुकानदारासमोरच म्हणाली, "रेडूचंबी नाटकच हुतं, तुमाला झटका बसंस्तवर. नळीचं खरं हाय का खोटं, मला ठावं न्हाई. डोकं माझं दुखतंय एवढं ठावं हाय. त्ये तुमाला पटंस्तवर आता मी गोठ्यात ऱ्हायची न्हाई. तुमाला नळी पायजे ना? मग गोठ्यात लावा आन् तिच्याखाली तुमी ऱ्हावा."

तात्यांनी ट्रान्झिस्टरचे पैसे मोजले. त्याच संध्याकाळी मी ट्यूब उतरवली. तात्यांनी स्टूल धरलं होतं.