कोकणात जायच्या आधीची सुकट

कोकणात जायचं पोरांनीच ठरवलं. मुलगा नोकरीला लागलेला, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. "उद्या कोण कुठं असेल काय माहीत, आत्ताच जाऊ चौघं," म्हणत मुलानं दिवेआगरच्या एका घरगुती मुक्कामाचे फोटो दाखवले. मला समुद्राचं काडीचं कौतुक नव्हतं. पण त्यातलं जेवणाचं ताट पाहून आमचे हे विरघळले. "कोळंबी, खेकडा, सुरमई... लई भारी! डिंभ्याच्या धरणातली चिलापी खाऊन खाऊन तोंडाला शेवाळ आलंय राव."

"मी पण सगळं खाणार," मुलगी म्हणाली. "तिथं असेपर्यंत दुधाला शिवणारसुद्धा नाही."

हे दुधाचं सांगायला हवं. शाळेत असताना एकदा तिनं सुकटीची चटणी खाल्ली आणि वरून पेलाभर दूध प्याली. जरा वेळात ओठ भज्यासारखे फुगले, अंगभर गांधी उठल्या. आमच्या गावात, निरगुडसरमध्ये, ज्याला विचारावं तो एकच बोले, "माशावर दूध दिलं व्हय? मग दुसरं काय व्हणार!" तेव्हापासून घरात मासे शिजले की तिचं दूध बंद. धरणातले मासे ती काटे चघळून चघळून खायची, कधी काही झालं नाही. म्हणजे दोष दुधाचाच, आमची खात्रीच पटली. सुकटीचा वास तेवढा तिला नकोसा झाला होता, आणि आम्हीही कधी आग्रह केला नाही.

आता तीच म्हणाली, "आधी इथंच खाऊन बघते. परक्या गावात तमाशा नको." मंचरच्या बाजारातून सुकट आणली. त्या दिवशी सकाळपासून दूध नाही, दही नाही, चहासुद्धा कोरा. मी तव्यावर सुकट भाजली, कांदा-लसूण घातला, बाजरीच्या भाकरी थापल्या.

तिनं दोन-चार घास खाल्ले. "मस्त झालीय गं," म्हणाली. मग ओठ चोळले. मग घसा खाकरला. मी पाणी पुढं केलं तर हातानंच नको म्हणाली. "आई, घसा आवळतोय." तो आवाज माझ्या पोरीचा नव्हता.

देवा रे! बघता बघता तिचे डोळे सुजून बारीक झाले. मुलानं गाडी काढली. मंचरच्या रस्त्याला लागलो तर पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, आणि तो बाबा मोठ्यानं गाणी लावून निवांत चाललेला. त्याला मी काय काय शिव्या घातल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोरीला मी छातीशी टेकवून बसवलं होतं. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तो वाजतोय तोवर ती आहे, एवढंच मला कळत होतं. वाजायचा थांबला तर काय करायचं, हे मला कुणीच शिकवलं नव्हतं.

"काय खाल्लं हिनं?" दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं. मी ओरडलेच, "दूध दिलं नाही हो! थेंबसुद्धा नाही!" त्यांनी आधी इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. तिचा श्वास हळूहळू मोकळा झाला तेव्हा कुठं ते माझ्याशी बोलले.

"दुधाचा काय संबंध? सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबीच. तीच हिला चालत नाही. सुकट, कोळंबी, खेकडा, सगळं कायमचं बंद. त्या तव्यावरचं, त्या तेलातलंसुद्धा नको. पुढच्या वेळी झटका याहून जोरात येईल."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही भलत्याच दाराला कुलूप लावून बिनघोर झोपलो होतो.

घरी आल्यावर हे म्हणाले, "बास झालं कोकण. कुटं जायाचं न्हाई." पण मुलगी हट्टाला पेटली. "मी सुरमई खाईन. समुद्र काय कोळंबीच्या बापाचा आहे?" सगळे हसले. मला नाही हसू आलं. शेवटी मीच मुक्कामाच्या बाईंना स्पीकरवर फोन लावला, झालं ते सगळं सांगितलं. तवा वेगळा, तेल वेगळं, चमचासुद्धा वेगळा.

बाई गोड होत्या. "अहो ताई, एवढ्या लांबून येताय," त्या म्हणाल्या, "जराशी चव तरी घेऊ दे पोरीला. चमचाभर रश्शानं काय होतंय?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, मायेनंच बोलत होत्या. उद्या मैत्रिणीकडं, कुणाच्या लग्नात, सासरी, असंच कुणीतरी मायेनं वाढणार, आणि मी तिथं नसणार. मुलीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"काकू," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "चमचाभरानं मी मरेन."