लिंबाचे वळ

आमच्या घरात आधी हात उठायचा, बोलणं मागाहून यायचं. होडी रिकामी आली की बाप आईला मारी, भरून आली तर पिऊन येऊन मारी. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते.

माझ्या थोरल्या बहिणीला त्या घरातून सुटायचं होतं. आमच्या वेसाव्याच्या खाडीपलीकडे, मढला, एक स्थळ जुळलं. मुलगा रुबाबदार, स्वतःची होडी असलेला. त्याची आई मुलगी बघून गेली आणि जाताना म्हणाली, पोरगी कामाची आहे, पण उन्हानं पार रापली आहे, लग्नापर्यंत जरा उजळू द्या. कोळ्याच्या पोरी उन्हात बोंबील सुकवतात, हे तिला काय ठाऊक नव्हतं? तिचं स्वतःचं तोंड तव्याच्या बुडासारखं. पण बोलणारी पडली वरमाई.

आई जुहूच्या बंगल्यांवर मासळी विकायची. तिथल्या मडमा वाळूत पडायच्या आधी अंगाला कसलंसं क्रीम चोपडतात, त्यानं ऊन बाधत नाही, असं तिनं पाहिलं-ऐकलं होतं. अंधेरीला औषधाच्या दुकानात तिनं चौकशी केली आणि किंमत ऐकून पायऱ्या उतरली. बापाकडे विषय काढला तर त्यानं मासळीची पाटीच भिरकावली. ती आईच्या कोपरावर बसली. मग शेजारणीनं फुकटचा इलाज सांगितला, लिंबू चोळ. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं बहिणीच्या गालांवर रस खसाखसा चोळला आणि तोंड न धुताच तिला बोंबील टांगायला पाठवलं. बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांडीखाली सावली कसली असणार! संध्याकाळपर्यंत ती उन्हातच होती.

पहिल्यांदा गाल लालभडक झाले, मग त्यांवर पाण्यानं टचटचीत भरलेले फोड आले. रात्री ती उशी दातात धरून रडायची. फोड बसले तेव्हा आईची बोटं जिथून फिरली होती तिथे तिथे काळे वळ उमटले. बघणाऱ्याला वाटावं, कुणी सणसणीत थोबाडीत मारली आहे.

अंधेरीचा डॉक्टर आईवर भडकला. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी भाजते, म्हणाला, हे डाग आता महिनोन्‌महिने जाणार नाहीत. क्रीम परवडत नाही तर काहीच चोळू नका. पदर पुढे ओढा, अंगभर लुगडं घ्या, भर दुपारचं काम सकाळी उरका. याला पैसा लागत नव्हता. आम्हाला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. घरी आल्यावर, लग्न मोडायला निघालीस काय, म्हणत बापानं आईला वल्ह्याच्या दांड्यानं मारलं.

बातमी मढला पोचलीच. मुलगा आईला घेऊन आला. अंगणात सगळ्यांदेखत त्यानं बहिणीचं तोंड पाहिलं आणि हे कशानं झालं ते विचारलं. आमच्या आईनं घाबरत सांगितलं, वरमाईंनी उजळायला सांगितलं होतं म्हणून. तो वळला आणि त्यानं स्वतःच्या आईच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की म्हातारी ओट्यावर जाऊन आपटली. मग म्हणाला, मला पोरगी अशीच चालेल, लग्न ठरल्या दिवशीच होईल. बाप खूश झाला. मर्द गडी आहे, म्हणाला. बायकांनीही माना डोलावल्या. खरं सांगते, घटकाभर मलाही तो आवडला.

बहीण मात्र म्हातारीकडे बघत होती. म्हातारी गालाला हात लावून बसली होती. ना रडली, ना नवल वाटलं तिला.

"मना हा नको," बहीण म्हणाली. "आज माझ्यापायी आयशीला मारलान, उद्या मना मारंल."

बाप धावला. त्यानं तिच्या भाजलेल्या गालावरच मारलं, पुन्हा मारलं. ती प्रत्येक वेळी नको म्हणत राहिली. तेव्हा म्हातारी उठली आणि तिनं दोन्ही हातांनी बापाचं मनगट धरलं.

"पोर खरा बोलते," ती म्हणाली. "आधी याच्या बापाचा मार खाल्ला, आता याचा खाते. नको करू बाय याच्याशी लगीन."

मुलानं स्वतःच्या आईला दंडाला धरून होडीपर्यंत फरफटत नेलं. माझी बहीण सुटली. म्हातारीला सोडवायला आमच्यातलं कुणी उठलं नाही.