भूल कुणाला दिली

मी सहा वर्षांची असताना माझ्या खालच्या दोन दाढा किडल्या. दुधाच्याच होत्या, पण गाल असा सुजला की बाबा मला एसटीत घालून वरवट बकालहून शेगावला, दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते कपाशीचं वाईट वर्ष होतं. बियाण्यातच औषध आहे, अळी शिवणार नाही, म्हणून मोठ्या भरवशानं लावलेल्या बीटीची बोंडं आतून पोखरलेली निघत होती. बाबा घरात कुणाशी बोलेनासे झाले होते. म्हणून मला ती सूजही आवडली. निदान एक दिवस बाबा माझे एकटीचे होते.

डॉक्टर म्हणाले, "नव्या दाढांना अजून चार वर्षं आहेत, पण पू झालाय, या आताच काढाव्या लागतील. अकोल्याला नेऊन पूर्ण भूल देता येईल, पोरीला काही कळणार नाही. नाहीतर इथेच सुईनं हिरडी बधिर करतो. पण तिला जागं राहून गप्प बसावं लागेल."

 बाबा हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मलेच देऊन द्या ना भूल. सुगी होईलोक काही आठवाले नको."

डॉक्टर हसले. मी नाही हसले. भूल म्हणजे विसरणं, एवढं मला कळत होतं. आणि बाबा सगळं विसरणार म्हणजे मलाही विसरणार, हे तर उघडच होतं.

"इथंच टोचा," मी म्हणाले. "मी जागीच राह्यतो."

सगळ्यांना वाटलं, पोरगी भारी धीट. धीट कसली! मला बाबांवर पहारा ठेवायचा होता.

सुई टोचली आणि हळूहळू ओठ माझा राहिला नाही. गाल कुठेतरी लांब, शेताच्या धुऱ्यावर ठेवून आल्यासारखा वाटत होता. वर पंखा सावकाश फिरत होता, दिव्याच्या उजेडात पांढरं काहीतरी तरंगत होतं. धूळ होती की बाबांच्या सदऱ्यावरचा कापूस, आज सांगता येत नाही. दाढ निघाल्याचा आवाज दुसऱ्याच कुणाच्या तोंडातून आला. मी बाबांचं बोट घट्ट धरून डॉक्टरांच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. ती सुई बाबांकडे वळायला नको होती.

"दोन तास काही खायला देऊ नका," डॉक्टरांनी निघताना बजावलं.

स्टँडवर येताच बाबांनी कचोरी घेतली. शेगावला जाऊन कचोरी न खाता परतणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. त्यांनी तुकडा मोडून मला भरवला. मी मन लावून चावत राहिले, पण चव काही लागेना. एकाएकी बाबांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हनुवटीला लावला, तो लाल झाला. मी माझाच ओठ चावला होता.

"अरे देवा! डॉक्टरनं सांगतलं होतं ना," बाबा म्हणाले, "मी भुललोच!"

दुखत काहीच नव्हतं, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले ती तेव्हा. म्हणजे दिलीच यांना भूल! माझी पापणी लवली तेवढ्यात दिली. लाळ सांडत, बोबड्या तोंडानं मी विचारलं, "बाबा, मी कोन होय?"

बाबा हसायला गेले आणि थांबले. दवाखान्यातलं स्वतःचं बोलणं त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला कडेवर घेतलं.

"तू माही माय होय," ते म्हणाले.

सुगी होईपर्यंत मी रोज सकाळी, ते शेतात निघाले की, दारात आडवी उभी राहून तोच प्रश्न विचारायची. उत्तर दिल्याशिवाय त्यांना जाऊ देत नसे. संध्याकाळी परत आले की पुन्हा विचारायची.