शून्य आलंच पाहिजे

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात पाणी तपासायचे. त्यांची बाटली निर्दोष असे, हे मी मान्य करतो. त्यापलीकडे त्यांच्याबद्दल चांगलं काही सांगायचं तर मला विचार करावा लागेल. ते निवृत्त झाले, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. जेवायला बसले की आधी पेला उजेडात धरणार. जन्मभर नाकाने कांदे सोलणाऱ्या या माणसाबरोबर बहिणीने संसार केला.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, नोकरीसाठी परगावी गेली आणि तिची खाऱ्या पाण्याची टाकी भाऊजींच्या तावडीत सापडली. टाकीत थोडे मासे आणि जिवंत प्रवाळ. त्यातलं एक नारिंगी प्रवाळ भाचीने करंगळीएवढ्या तुकड्यापासून तळहाताएवढं वाढवलं होतं. मासे पोटभर जेवू देत, पाण्याशी फार खेळू नका, घर मिळालं की हे प्रवाळ न्यायला येईन, एवढंच ती सांगून गेली.

भाऊजींनी लगेच काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं, म्हणजे नायट्रेट. दुसरी नळी निळसर झाली, म्हणजे फॉस्फेट. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या खाण्यातून ही दोन्ही येतात. पोरगी घाणीत जनावरं पाळत होती, असं त्यांनी मला फोन करून सांगितलं. जणू तिने घरात गटारच आणून ठेवलं होतं!

मग सफाई सुरू झाली. पाण्यातली घाण फेसाबरोबर उपसणारं मोठं यंत्र आलं, फॉस्फेट शोषणारी पूड आली, मासे चिमटीभर खाण्यावर आले. शेवटी दोन्ही नळ्यांना रंग येईनासा झाला. ते शून्य दाखवायला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. मी पाहिलं तर नारिंगी प्रवाळ फिकुटलेलं. ते म्हणाले, प्रवाळ काय बघतोस, पाणी बघ.

पुढे वाळूवर तपकिरी, बुळबुळीत थर चढला. भाचीने फोनवर समजावलं: प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ असतं, ते नायट्रेट-फॉस्फेटवर जगतं आणि प्रवाळाला जगवतं. पाण्यात काहीच उरलं नाही की ते उपाशी मरतं आणि हा चिकट थर माजतो. पूड काढा, खाणं वाढवा. पण पालथ्या घड्यावर पाणी! घाण दिसली म्हणून भाऊजींनी आणखी पूड ओतली. बहिणीने माशांच्या खाण्याचा डबा उचलला, तर त्यांनी तो कपाटात कुलपात ठेवला. अति तिथे माती, हे या शहाण्याला कोण सांगणार?

भाची आली ती प्रवाळासाठी झाकणाची बादली घेऊनच. टाकीत त्याचा पांढरा सांगाडा होता. ती काचेला हात लावून उभी राहिली. शेजारी भाऊजी नळी धरून.

"बघ, अजूनही शून्य आहे," ते म्हणाले.

"बाबा, मलाही तुम्ही असंच वाढवलंत," ती शांतपणे म्हणाली. "मी वेळेत निघाले म्हणून वाचले."

रिकामी बादली घेऊन ती तशीच परत गेली. तिने न पिता ठेवलेला पाण्याचा पेला भाऊजींनी उचलला आणि सवयीने उजेडात धरला. मग बराच वेळ तसाच धरून ठेवला. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण आली ती बहिणीची. तिला अजून त्याच घरात राहायचं होतं.