थँक यूनंतरची सात नावं

"जिंकलेलं राहू दे. आधी हरलेलं सांग."

हे म्हणताना काका उजवा तळहात ट्रॅफिक पोलिसासारखा समोर धरायचे. बोलणारा कितीही उत्साहात असो, तो जागच्या जागी थांबायचा. आमच्या मुलीला गणिताच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं, तेव्हा ती नाचत त्यांच्याकडे गेली आणि पाच मिनिटांत तोंड पाडून परत आली. "काका इज सो निगेटिव्ह," म्हणाली. कोणतं गणित चुकलं, एवढंच त्यांनी विचारलं होतं. दोन दिवसांनी तेच गणित सोडवून ती त्यांना दाखवायला गेली, हेही सांगायला हवं.

ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आमच्या समोरच्या घरात ते मुलाकडे राहायचे. अमेरिकेत राहत असाल तर असे वडील तुम्हीही पाहिले असतील. मुलगा-सून कामावर, गाडी चालवता येत नाही, आणि बाहेर असं दमट ऊन की पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन यायचं तर शर्ट बदलावा लागतो. बाकीचे वडील अशा वेळी मालिका बघतात. आमचे काका रागवायचे. फुटपाथ मध्येच कसा संपतो यावर रागवायचे, गवत वाढलं म्हणून सोसायटीची नोटीस येते यावर रागवायचे. एकदा मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करा, मग पुढचं." इतिवृत्त कुणी लिहिलंच नव्हतं.

"मग मागच्या वर्षी सभा झालीच नाही," काका म्हणाले.

"झाली ना काका, फोटो आहेत," अध्यक्ष म्हणाले.

"फोटोत काय ठरलं ते दिसतं का?"

समोसे गार झाले. मंडळाने पुढच्या वर्षीपासून काकांना सभेची तारीख कळवणंच बंद केलं. मी तेव्हा हसले होते. मला हे सगळं म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटायचं.

खूळ नव्हतं ते. तिशीही गाठली नव्हती तेव्हा काका हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या देशात गणिताचे मास्तर म्हणून गेले होते. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे फुटबॉलचे क्लब मोजके. देश सांगितला की क्लब सांगितल्यासारखाच, आणि क्लबच्या आत्ताच्या मालकांकडे वकील भरपूर आहेत. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढीही वस्ती नसलेला देश, आणि त्याचा सर्वांत यशस्वी फुटबॉल क्लब. बंदरावरच्या हमालांनी मालाच्या गोदामात बसून काढलेला. साहेबांच्या क्लबात त्यांना फक्त चेंडू आणून द्यायला घ्यायचे, म्हणून. काका या क्लबचे चिटणीस होते. एक-दोन वर्षं नाही, निवृत्त होईपर्यंत.

समुद्राचं पाणी शिरून क्लबचं दप्तर कुजलं. राहिल्या त्या काकांनी स्वतःसाठी केलेल्या इतिवृत्तांच्या नकला. तीन जाडजूड वह्या. मुलाकडे कायमचं येताना त्यांनी सामानातून स्वेटर काढले आणि त्या वह्या भरल्या. इथे त्या गॅरेजमध्ये, जुन्या फ्रिजच्या वरच्या फळीवर होत्या. क्लबच्या इतक्या अजिंक्यपदांपैकी एकही गोष्ट काका आपणहून सांगत नसत. सांगायचे तो एकच मोसम, सगळे सामने हरलेला.

बंदरावर याच हमालांनी संप केला होता. बंदर कंपनीचं, मैदानही कंपनीचं. कंपनीने फर्मान काढलं की या क्लबकडून जो खेळेल त्याला बंदरात काम नाही. खेळाडू गळाले. पोटाचा प्रश्न होता, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. उरले सात. फुटबॉलच्या नियमात संघात किमान सात माणसं लागतात. सहा झाली तर सामना होत नाही, आणि असं तीनदा झालं की त्या देशात क्लबचं नाव लीगमधून कायमचं कापलं जायचं. म्हणजे एकाने जरी घरी बसायचं ठरवलं असतं तरी क्लब संपला असता. सातही जणांची कामं गेली. सातही जण दर शनिवारी मैदानावर आले. अकरांविरुद्ध सात. नऊ-शून्य, अकरा-शून्य, पुन्हा नऊ-शून्य. संघाच्या यादीवर सही करायला कुणी धजेना, तेव्हा हे परके मास्तर पुढे झाले आणि तिथून चिटणीस झाले.

अँटवान, रेमों, फिलिप, ज्यूल, मार्सेल, हेन्री आणि गोलकीपर गाब्रिएल. ही ती सात नावं. मी ती इथे मुद्दाम लिहिते आहे. का, ते आता सांगते.

क्लब विकला गेला. घेणारा ह्यूस्टनचाच निघाला, आमच्यापासून पाऊण तासावर त्याचं ऑफिस. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. त्याला मैदानाच्या दारात एक मोठी भिंत उभारायची होती, क्लबच्या इतिहासाची. दप्तर कुजलेलं, म्हणून शोधत शोधत त्याची माणसं काकांपर्यंत आली. काकांनी एकच अट घातली. भिंतीवर तो मोसम आणि ती सात नावं. फोनवरची बाई "अॅब्सोल्यूटली" म्हणाली.

सातांपैकी गाब्रिएल तेवढा जिवंत होता, ऐंशीच्या घरातला. दर रविवारी सकाळी आठला काकांना त्याचा फोन यायचा, तिथे तेव्हा संध्याकाळ असायची. अट मान्य झाल्याचं काकांनी त्याला सांगितलं, तेव्हा मी चहा घेऊन तिथेच बसले होते. फोन स्पीकरवर होता. मग त्याने विचारलं, "हेन्रीच्या बायकोला सांगू का? ती अजून आहे."

काकांनी चाळीस पानं लिहून काढली. सुवाच्य, तारीखवार. आणि मी, पाइपलाइन कंपनीत वीस वर्षं प्रोजेक्टांचे रिव्ह्यू देणारी शहाणी बाई, ती पानं बघून म्हणाले, "काका, चाळीस पानं कुणी वाचत नाही. मी बारा स्लाइड करून देते."

"सगळं येईल?"

"सगळं येईल."

आणि सगळं आलंही. आमच्या धंद्यात एक रीत आहे. बॉसला जे आवडणार ते पहिल्या बारा स्लाइडमध्ये. मग 'थँक यू'. त्याच्यामागे जड, अवघड, नकोसं असेल ते. त्याला आम्ही बॅकअप म्हणतो. कुणी प्रश्न विचारलाच तर दाखवायचं. तो मोसम आणि ती सात नावं मी तेरा आणि चौदा नंबरला टाकली. मनात काही काळंबेरं नव्हतं. गोष्टीचा ओघ तुटतो, एवढाच माझा विचार. माझा हात सवयीने तिकडे गेला, आणि त्या सवयीचाच मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

मालकाचं ऑफिस विसाव्या मजल्यावर होतं. काकांनी क्लबचा बिल्ला लावलेला जुना ब्लेझर घातला होता, ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये. अर्ध्या तासाची वेळ दिली होती. मी बोलले, छान बोलले. बाराव्या स्लाइडला मालक टाळ्या वाजवत उठला. "ऑसम स्टोरी," म्हणाला. पडद्यावर 'थँक यू' होतं. काका माझ्याकडे बघत होते. लॅपटॉप माझ्या पुढ्यात होता, एक बटण दाबायचं होतं. पण मालकाचे बूट दाराकडे वळले होते, त्याची पुढची मीटिंग बाहेर थांबली होती, आणि अशा वेळी आपण 'वन मोअर थिंग' म्हणायचं नसतं हे मला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. मी लॅपटॉप मिटला.

लिफ्टमध्ये काकांनी विचारलं, "ते सात कुठे होते?"

"होते काका, पुढे. थँक यूच्या नंतर. मी फाइल पाठवणारच आहे त्यांना, त्यात सगळं आहे."

"थँक यूच्या नंतर?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "त्या माणसांना तू थँक यूच्या नंतर उभं केलंस?"

फिफ्टी-नाइन हायवेवर तासभर ट्रॅफिक होता. घराशी उतरताना काका म्हणाले, "कंपनीने त्यांना मैदानाबाहेर काढायचा एवढा प्रयत्न केला. जमलं नाही तिला. तुला जमलं."

मी फाइल पाठवली. पुन्हा पाठवली. 'नीड युअर हेल्प' असं वर लिहून पाठवली. फोनवरच्या त्या बाईचं उत्तर आलं की भिंतीचं डिझाइन फायनल झालं आहे, आणि टीमला माझं सुरुवातीचं सलग विजयाचं 'क्लीन नॅरेटिव्ह' फार आवडलं आहे. माझं! मग भिंतीचा फोटो आला. माझ्या बारा स्लाइड, माझीच वाक्यं, संगमरवरी पाट्यांवर. तो मोसम जिथे असायला हवा तिथे दोन पाट्या एकमेकींना चिकटवलेल्या होत्या. फट नाही, काही नाही. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ते मी त्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून अनुभवलं. आणि शिव्या तरी कुणाला देणार? चोराच्या हाती किल्ली मीच दिली होती.

फोटोमागोमाग काकांना एक पार्सल आलं. क्लबची नवी जर्सी, पाठीवर काकांचं आडनाव. काकांनी ती बागेच्या गळक्या नळाला गुंडाळली. सून म्हणाली, "बाबा, अहो नवीकोरी आहे." ते म्हणाले, "म्हणूनच पाणी बरं धरते."

त्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. सकाळचे आठ. फोन स्पीकरवर होता. "तू सांग त्याला," म्हणाले.

मी माझ्या मीटिंगच्या आवाजात सुरुवात केली. भिंत फार सुंदर झाली आहे, लोकांचा प्रतिसाद… काकांचा तळहात वर गेला. मी थांबले. मग म्हटलं, "तुमचं नाव लागलं नाही. सातांपैकी कुणाचंच नाही. चूक माझी आहे."

गाब्रिएल ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तुटक इंग्रजीत विचारलं, "मग कधी लावणार?"

मी काकांकडे पाहिलं. काका इतिवृत्ताच्या वहीत लिहीत होते. लिहून झाल्यावर त्याला म्हणाले, "विषय तहकूब. पुढच्या रविवारी घेऊ."

पुढच्या रविवारी त्याने पुन्हा विचारलं, "नावं लागली?" काका म्हणाले, "नाही." त्याच्याही पुढच्या रविवारी तेच. मला आधी वाटलं, वय झालं, विसरत असेल. काका भडकले. "विसरलेला नाही तो. त्याला पडलेला एकेक गोल पाठ आहे. मुद्दाम विचारतो." मग काका आठवडाभरात काय केलं ते सांगायचे आणि वहीत नोंदवायचे. हाताने लिहिलेली पत्रं, मालकाच्या ऑफिसला, तिथल्या फुटबॉल संघटनेला, वर्तमानपत्रांना. एकाचंही धड उत्तर आलं नाही. माझ्याशी ते बोलायचे, पण पूर्वीसारखं नाही. कोणतं गणित चुकलं हे आता त्यांना विचारावं लागत नव्हतं.

फेब्रुवारीत काका गेले. सकाळी चालून आले, बूट काढायला बसले आणि उठले नाहीत.

मंडळाने शोकसभा ठेवली. जिवंतपणी ज्यांना तारीख कळवत नव्हते त्यांचा फोटो, हार, समई. अध्यक्षांनी पडदा लावला आणि क्लबच्या वेबसाइटवरून काढलेल्या स्लाइड दाखवल्या. माझ्याच बारा. "केवढं यश, केवढी परंपरा," ते म्हणत होते. 'थँक यू' आलं तशी माणसं हात जोडून उठायला लागली. मी पुढे गेले, माइक घेतला आणि म्हटलं, "बसा. संपलेलं नाही." मोसम सांगितला. नावं सांगितली. माझी चूकही सांगितली. लोक बसले, पण अवघडून. नंतर एक मैत्रीण हळूच म्हणाली, "यार, आजच्या दिवशी कशाला एवढं?" तिला खरं उत्तर दिलं असतं तर मैत्री तुटली असती.

काकांच्या मुलाने वह्या मला दिल्या. "तुझ्याकडेच असू देत," म्हणाला. "मला त्या इथे बघवत नाहीत." शेवटच्या वहीच्या पुठ्ठ्यावर काकांनी माझा नंबर लिहून ठेवला होता, शेजारी तारीख. हा नंबर गाब्रिएलला कळवला, अशी नोंद होती. मला विचारलं नव्हतं.

त्याचा पहिला फोन आला तो रविवारीच, सकाळी आठला. मी कपडे घडी करत होते. सांत्वनाचं दोन्हीकडून थोडं झालं. मग त्याने विचारलं, "नावं लागली?"

"नाही," मी म्हटलं.

"या आठवड्यात काय केलं?"

ऑफिसचं काम होतं, शोकसभा होती, मुलीची परीक्षा होती. यातलं एकही त्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

"काही नाही केलं," मी म्हटलं.

"वही आहे तुझ्याजवळ?"

"आहे."

"मग तसं लिही."

तो फोन धरून थांबला. मी उठून पेन आणलं, आणि लिहिलं.