परसात लावलेला बलब

माझं लेकरू माती खातं. आधी ह्येच सांगते, कारन फुडचं सगळं त्याच्यापायीच झालं. रांगायला लागलं तवापासून जरा नजर हालली की मूठ मातीत आन मूठ तोंडात. चुलीपासची खातं, भिताडाची खरवडून खातं, पन परसातली त्याला लई आवडती, मोरीचं पानी तिकडं जातं म्हून तिथली वली आसती. तोंडात बोट घालून काढावं तर चावतं आन हसतं. अंगनवाडीच्या म्याडम म्हन्ल्या रगत कमी हाय, औषध पाजा, ध्यान ठिवा. ध्यान ठिवते की वो. पन भाकरी कोन थापीन, पानी कोन आनीन?

परस म्हन्जे घरामागचा तुकडा. वांगी, मिरच्या, दोडक्याचे वेल, कडंला शेवगा. घरातलं कालवन तिथूनच निघतं. मागल्या साली चांगली हिरवीगार झाडं उभ्या उभ्या सुकली. सासऱ्यानी, त्यांला आमी मामा म्हन्तो, वांग्याचं एक झाड वढलं तर मुळ्याच न्हाईत, हातात नुस्ता दांडा. खाली मातीत पांढरी जाडजूड आळी, वाकडी होऊन निजलेली. हुमनी. मामा झाड हातात धरून तिथंच खाली बसले.

औंदा वळवाचा एक शिडकावा झाला आन दिस मावळायला गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कडूलिंबावर भुंगे भर्र भर्र करायला लागले. तपकिरी, बोटाच्या पेरायवढे. ह्येच भुंगे मातीत अंडी घालतेत आन त्याची हुमनी होती. मामानी ताटावर बसूनच सांगितलं, "औंदा म्या वाट बघनार न्हाई. बाजारातून दानेदार औषध आनतो, मातीत घालतो, झालं."

माझा भाकरीवरचा हात थांबला. म्या म्हन्लं, "मामा, लेकरू माती खातं."

"त्ये खातं म्हून साऱ्या घरानं माती खायची का?" मामा म्हन्ले. "लेकरू संभाळायचं तू, झाडं संभाळतो मी."

आत्याबाई, म्हन्जे सासू, ताक वाढता वाढता म्हन्ल्या, "तिला जरा बोलू तर द्या."

मग म्या एका दमात बोलले. मोबाईलमधी बघितलंय, सांजच्याला बलब लावायचा, खाली घमेल्यात पानी ठिवायचं, त्याच्यात कपड्याची पावडर टाकायची, भुंगे उजेडाला येतेत आन पान्यात पडून मरतेत, आंडी घालायच्या आदीच मरतेत, इखाचं कामच न्हाई. मामा हासले. "बलब लावून हुमनी मरती व्हय? मग आमी येवढी वर्षं अंधारातच मेलो की." पन म्हन्ले, "बाजारापर्यंत लाव. त्याच्याफुडं तुझं ऐकनार न्हाई."

बाजार म्हन्जे चौसाळ्याचा. बाजाराचा दिस लई लांब नव्हता.

तीन काठ्या बांधून मधी बलब टांगला, खाली घमेलं. वायर घरातून काढलेली, ती वांग्याच्या वाफ्यापर्यंतच पुरली. संपली तिथंच बलब लावला. दुसरं काय करनार व्हते? आन काय सांगू, पहिल्याच सांजच्याला कडूलिंबावरून भुंग्यांची रांगच लागली. बलबावर टनाटना आपटायचे आन पान्यात टपाटप. लेकरू कडंवर टाळ्या वाजवायलं. सकाळी घमेलं भरून काळं. मामानी वाकून बघितलं, काठीनं ढवळलं. "पडलेत की बरेच," म्हन्ले. मला जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. त्या दिवशी लेकराला म्या ओरडले बी न्हाई.

शेजारची चुलत जाऊ कुंपनावरून म्हन्ली, "काय बाई, लगीन हाय का तुमच्याकडं? साऱ्या गल्लीचं वऱ्हाड तुमच्याच दारात उतरतंय. आमच्याकडं एक भुंगा न्हाई, म्या तर म्हन्ते, रोज लाव गं बाई, लाव बलब!"

मी बी हासले.

फुडच्या सांजच्याला ऐन भुंग्यांच्या वक्ताला लाईट गेली. बलब इझला आन भुंगे तिथंच, माझ्या आंगावर, केसात, वाफ्यात. मी लेकराचं तोंड पदरात झाकून उभी. लाईट आली तवा भुंग्यांचा वक्त गेलता.

सकाळी आत्याबाई खुरपं घेऊन वांगी खुरपायला बसल्या आन लगीच हाक मारली, "ए, हिकडं ये गं." वांग्याच्या बुडाची माती उकरलेली, तिच्यात भुंगे. दुसऱ्या झाडाखाली बी. जे घमेल्यात पडले न्हाईत ते खाली पडून मातीतच शिरलेते. बलब जितका जवळ तितके जास्त. आत्याबाई हळूच म्हन्ल्या, "आगं, ह्ये तर आपन आवतन दिल्यावानी झालं." आन माती परत लोटून दिली, मामा येत व्हते म्हून.

मी पळतच जावंकडं गेले. तिच्या मोबाईलमधी तो व्हिडिओ लावला. माझं नेट आर्ध्यावरच संपलं व्हतं त्या दिवशी, म्हून म्या बलब आन घमेलं येवढंच बघितलतं. फुडं तो मानूस सांगत व्हता, सापळा पिकात लावू नका, लांब लावा, ज्या झाडावर भुंगे येतेत त्याच्याखाली लावा. जाऊ म्हन्ली, "मग लाव की लिंबाखाली." पन तितकी वायर कुनाकडं? यांना फोन लावला, हे पुन्याला कंपनीत. मागं मशीनचा आवाज. "मी हितून काय करू सांग बरं? बा म्हनतेत तसं कर. त्याला उचलून घेत जा." का बरं कुनालाच कळत न्हाई की दिसभर उचलून घेतलं तर हाताला काम कसं व्हईल?

बाजाराच्या आदल्या सांजच्याला मी घमेलं घेऊन लिंबाखाली गेले. एका कडंवर लेकरू, एका हातात लांब काठी, मोबाईलची ब्याटरी लावून दगडावर ठिवलेली. फांदी हालवायची, भुंगे खाली पडले की येचून पान्यात टाकायचे. पारावरची पोरं म्हन्ली, "वहिनी, आंबे पडलेत का?" दुसरा म्हन्ला, "गप बे, लेकरू हाय तिच्याजवळ." मला दम लागला, काठी सुटायली, लेकरू रडायलं. त्याला खाली ठिवलं तर लगीच मूठ मातीत. मंग मोबाईलच इझला. घमेल्यात बुड झाकंल इतके बी भुंगे नव्हते.

मामानी औषध आनलं. मामा वंगाळ न्हाईत, ह्ये बी सांगते. आदी त्यांनी बाभळीच्या काट्या आनून परसाला खालपर्यंत गच्च कुंपन घातलं. हाताला फडकं बांधलं. मग दाने मातीत टाकले, खुरप्यानं झाकले. मी दारात उभी. म्या इचारलं, "मामा, किती दिस ऱ्हातंय त्ये मातीत?"

"दुकानदार म्हन्ला, लई दिस."

"लई म्हन्जे?"

मामा उठले. हात धुवायला गेले, परत परत धुत बसले.

आता लेकराला मी जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बाजंच्या पायाला बांधते. ऊसतोडीला गेल्यावर माझी आय मला आसंच बांधायची, तवा म्या ठरिवलं व्हतं माझ्या लेकराला बांधनार न्हाई. त्ये पट्टी तानून दाराकडं जातं, हात लांब करतं, मग बसून रडतं. पन कोंबड्या काट्याखालून परसात जातेतच. माती उकरतेत, तेच पाय घेऊन आंगनात येतेत. मोरीचं पानी थांबत न्हाई. आन एक दिस बघितलं तर लेकरू मामाची चप्पल तोंडात धरून बसलेलं, तळाला परसातली वली माती.

माझा वरडा ऐकून मामा आले. त्यांनीच लेकराच्या तोंडात बोट घातलं, चूळ भरवली, वर धरून उजेडात जीभ बघितली. लेकराला काई झालं न्हाई. त्या दिवशी न्हाई झालं. तवापासून मामा चप्पल परसाच्या काट्यापाशीच सोडतेत आन आनवानी येतेत. वांगी चांगली आलीत. आत्याबाई कालवन करतेत, मामा जेवतेत, मला घास उतरत न्हाई.

मी काम करता करता मधीच उठते, लेकराच्या मुठी उघडते आन वास घेते. औषधाचा वास कसा आसतो त्ये बी मला धड ठावं न्हाई. तरी घेते.