विमानाचं पेट्रोल

माझा थोरला भाऊ अकोल्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीत इंजिनिअर होता. मी त्याच्याकडे राहून शाळेत गणित शिकवायचो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस दादाने एक जुनी, उघडी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार घेतली. कुठल्याशा संस्थानिकाकडून मोडीत निघालेली. तिच्या इंजिनाला ब्लोअर होता. तो हवा दाबून आत भरायचा आणि त्या जोरावर गाडी पळायची. पण असं इंजिन भारी पेट्रोल मागतं. आमच्या पंपावरच्या साध्या पेट्रोलवर जरा पाय दाबला, की पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायचा. म्हणून दादा ती रस्त्यावरच्या बैलगाड्यांइतकीच सावकाश चालवायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. तसाही तो फार बोलणारा नव्हताच.

एका वर्षी पावसाळ्यात कपाशीवर औषध फवारायला विमान आलं. त्याचा पायलट पंजाबी होता. रात्रीचं जेवण तो आमच्याकडे घ्यायचा. एकदा त्याने गाडीचं बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "इसको तो हवाई जहाज़ का तेल चाहिए." पिंपांच्या तळाशी उरलेलं पेट्रोल, त्यात पाणी असेल या शंकेने, तो विमानात घालत नसे. ते त्याने दादाला दिलं. दादाने ते पाणी अडवणाऱ्या मऊ कातड्यातून गाळून टाकीत ओतलं. रंग हिरवट होता.

त्या रविवारी आम्ही बाळापूरच्या रस्त्याला लागलो. दादाने पाय दाबला. आवाज आला नाही. त्याने आणखी दाबला. मी दाराला धरून बसलो होतो. परत आल्यावर दादा जेवताना बोलत राहिला, कुठलं वळण कसं घेतलं ते सांगत. वहिनी मला नंतर म्हणाल्या, "पेट्रोल कोणाचंबी असो, माणूस बोलून तर राहिला."

दिवाळीआधी विमान गेलं. निघताना पायलट दादाला म्हणाला, "अब पाँव हल्का रखना." दादा हो म्हणाला.

पुढच्याच महिन्यात आम्ही दोघं अमरावतीला निघालो. टाकीत पंपावरचं पेट्रोल होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे मागून एक बस हॉर्न देऊ लागली. दादाने वेग वाढवला. खडखड सुरू झाली.

"दादा, आवाज येऊन राहिला."

"ऐकू येते मले."

त्याने पाय काढला नाही. बस मागे पडली. थोड्या वेळाने इंजिनातून एकच दणका आला, मागे निळसर धूर निघाला आणि गाडीतला जोर गेला. पिस्टनला भोक पडलं होतं. आम्ही कडेला उभे असताना ती बस पुढे निघून गेली. कापूस टाकून परतणाऱ्या एका शेतकऱ्याने गाडी आपल्या बैलांमागे बांधून मूर्तिजापूरपर्यंत ओढली. वाटेत त्याने विचारलं, "इतकी नाजूक गाडी कावून घेतली?"

"आवडली म्हणून," दादा म्हणाला.

गाडी अकोल्याला आणून झाकून ठेवली. दादा तिच्याकडे फिरकेना. वहिनींनी बरेच दिवस वाट पाहिली. शेवटी म्हणाल्या, "अवो, तो ब्लोअर काढून टाका."

"मंग तिच्यात उरलं काय?"

"चालन तर. मले शाळेत जायले कामी येईन."

वहिनी मुलींच्या शाळेत शिकवायच्या. मिस्त्रीला बोलवायची वेळ आली तेव्हा, "मीच काढतो," एवढं म्हणाला. एका लॉरीचा पिस्टन लेथवर कातून, मापाचा करून त्याने बसवला, ब्लोअर काढला आणि वहिनींना गाडी शिकवली. शिकवताना तो शांत असायचा. गिअर कुरकुरला, की पुन्हा टाकून दाखवायचा. मग वहिनी चालवू लागल्या आणि तो शेजारी बसू लागला. मी एकदा विचारलं, "तू कावून नाई चालवत?"

"तिले जमते," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. आनंद होता का, हेही मला कळलं नाही.

पुढे वहिनींना अंजनगाव सुर्जीच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. दादा काही म्हणेल असं मला वाटलं होतं. त्याने टायर बदलून दिले. वहिनी गाडी घेऊन एकट्या गेल्या. शनिवारी फॅक्टरी सुटली, की दादा डबा घेऊन बसने अंजनगावला जायचा.